जीप लोटाले कोन कोन हाये?

कार्यक्रमाआधी कलाकार लोक नमस्कार करतात, निदान घसा तरी खाकरतात. आमचा शालिक गिटार गळ्यात अडकवून माइकसमोर यायचा आणि पहिलं वाक्य बोलायचा, "शेवटी जीप लोटाले कोन कोन हाये? हात वर करा!"

दहा-पंधरा हात वर झाले की गडी खूश. "हाव, आता ऐका," म्हणून असा काही कडकडाट करायचा, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कानांवर पदर घ्यायच्या.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि आमची 'तुफान बीट पार्टी' शेलूबाजारची. शालिक गिटारवर, गायला उत्तम नावाचा मित्र, ड्रमवर मी, एरवी शिंपी. शालिक नागपूरला मिलमध्ये लागला होता, तो अचानक नोकरी सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन परत आला. "ह्याले रॉक म्हंतात," म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. तिथल्या रेल्वेतल्या पोरांचा बँड त्यानं हॉलच्या खिडकीबाहेर उभं राहून ऐकला होता, एवढंच काय ते शिक्षण. रॉक म्हणजे काय हे त्यालाही पुरतं माहीत नव्हतं, असं माझं आजही मत आहे.

इंझोरीच्या आठवडी बाजारात एक कास्तकार गाणं चालू असतानाच उठला. "भाऊ, मशीन बिघडलं काय? करून घ्या दुरुस्त, आमी थांबतो."

"बिघडलं नाई काका. हे असंच असते."

"मंग राहू द्या बापा," म्हणून तो चालता झाला. त्याच्यामागून अर्धा बाजार उठला.

गावात वीज नसायची. म्हणून ॲम्प्लिफायर जीपच्या बॅटरीवर. जीप मिलिटरीच्या लिलावातली. कार्यक्रम संपून शालिकनं सेल्फ मारला की ती हूं का चूं करायची नाही. "बसली बॅटरी!" तो ओरडायचा, आणि इथून खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. गाण्यातून उठून गेलेले लोक परत यायचे. धोतराचे काचे मारले जायचे. पाटलाच्या घरचे, बौद्धवाड्यातले, बाजारातले बागवान, सगळे जीपच्या पाठीला हात लावून उभे. "जोर लाव बे! खाल्लं नाई काय सकाळी?" जीप धुरळा सोडत सुरू झाली की जी आरोळी उठायची, तशी आमच्या एकाही गाण्याला कधी उठली नाही. शालिक तोंडभर हसत आरशातून मागे बघत असायचा.

मी मात्र वैतागलो होतो. ड्रम बडवायचे मी आणि जीपही लोटायची मीच? माझी कंबर त्या दिवसांत गेली ती गेलीच. "नवी बॅटरी टाक ना बे," मी म्हणायचो.

"टाकू ना. पाहू."

पुढे उत्तम एस.टी.त कंडक्टर झाला. त्याची गाणी शालिक गाऊ लागला, आणि ती ऐकून मला उत्तमची फार आठवण येऊ लागली. बोलावणी आटली. किन्हीराजाच्या शेवटच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा शेळ्या जास्त होत्या. तरी जीप लोटायला माणसं आली, कुठून आली देव जाणे.

परत येताना भर दुपारी, माळावर, इंजिन तापलं म्हणून थांबलो. निवल्यावर मी शिव्या देत खाली उतरलो आणि जीपला हात लावला. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"कायले उतरला? बस वर," शालिक म्हणाला. त्यानं डॅशबोर्डखाली हात घातला, एक सुटी वायर जोडली, सेल्फ दाबला. जीप एका झटक्यात सुरू.

मी बघतच राहिलो. "म्हणजे बॅटरी चांगली हाये? मंग इतके वर्सं कायले लोटाले लावली बे आमाले?"

तो समोर बघतच बोलला, "माह्या बापानं जनमभर लग्नात सनई वाजोली. मांडवाच्या भाईर उभं राहून. जेवन बी लांबूनच वाढत. आमी बुद्ध झालो, बापानं सनई टांगून देल्ली. मी पुना वाजोयाले गिटार आनली तं माह्याशी बोलनं सोडलं त्यानं." त्यानं गिअर टाकला. "आपलं गानं कोनाले समजत नाई, मले मालूम हाये. पन लोटाले समदे येतात ना? एका जागी हात लावतात. वायर जोडली तं कोन येईन जवळ?"

मला फार वाईट वाटलं. माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात सनई त्याच्याच बापाची होती. सनई आठवत होती. वाजवणाऱ्याचा चेहरा काही केल्या आठवेना.

पार्टी मोडली. गावोगाव वीज आली, लाउडस्पीकर आले. शालिकनं गिटार कुणाला तरी देऊन टाकली आणि त्याच जीपमध्ये मंगरूळपीरची सवारी भरू लागला. सवय काही गेली नाही. माणसं बसली की विचारायचा, "लोटाले कोन कोन हाये?" पण आता लोकांना घाई होती. सेल्फवर सुरू होणाऱ्या दुसऱ्या जीपा शेजारीच उभ्या असायच्या. लोक भुणभुणत उतरायचे आणि तिकडे जाऊन बसायचे.

एका बाजाराच्या दिवशी मी दुकान बंद करून निघालो, तर त्याची जीप रिकामी. शालिक स्टेअरिंगवर हात ठेवून आरशात बघत बसलेला. आरशात नुसता रस्ता.

मला सगळं माहीत होतं. तरी पिशवी खाली ठेवली, मागे गेलो आणि कंबरेला शिव्या घालत जीपला दोन्ही हात लावले. जोर लावला. जीप तसूभर हलेना.

"अबे, ब्रेक सोड ना!" मी ओरडलो.

"सोडतो," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "थांब जरासाक. हात नको काढू."