शाणू पायलट सायकल बघतो

शाणू पायलट खुर्चीवर कधी पुरता बसत नाही. पुढच्या टोकाला टेकतो आणि पाठीमागे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडतो. लग्नाच्या मांडवात तसंच, बसमध्ये तसंच, आमच्या सोप्यावरही तसंच. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे गेला, तर डॉक्टरांनी दाताआधी त्यालाच मागे ओढला म्हणतात.

पायलट म्हटल्यावर वर आभाळात बघू नका. मोटारसायकलवर मागे भाडं बसवून नेतो त्याला आम्ही गोव्यात पायलट म्हणतो. गोव्याचं राज्य झालं त्या सुमाराला शाणूने पिवळ्या मडगार्डची गाडी पेडण्याच्या स्टँडवर लावली आणि अख्खी उमर तिच्यावर काढली. मागे कधी तुयेच्या कारखान्यातला कामगार, कधी माशांची पाटी घेतलेली बाई, कधी केरीला निघालेला दांडगा गोरा. त्यांना जागा हवी, म्हणून हा पुढे सरकलेला. लग्न राहूनच गेलं. बोलायचं ते सगळं मागच्या माणसाशी, मान अर्धी वळवून.

मग घराघरांत स्कूटर आल्या. त्यात शाणूचा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली. गाडी विकली. तेव्हापासून तो दिवसभर दारात बसून रस्ता बघायचा, अर्थात उंबऱ्याच्या टोकाला. मला ते बघवेना. माझा स्वभाव तसा परोपकारी नाही, बायको साक्षीला आहे. पण समोरच्या दारात माणूस असा वाळत बसला की सकाळचा चहासुद्धा गोड लागत नाही.

तेव्हा मीच सायकलीचं काढलं. हल्ली सरळ हँडलच्या सायकली मिळतात; पाठ वाकवावी लागत नाही, गियर हलके, गुडघ्याला त्रास कमी. जाहिरातीत लिहिलं होतं, शहरातल्या रोजच्या ये-जासाठी उत्तम. आमचं शहर जांभई पुरी व्हायच्या आत संपतं, पण म्हटलं चालेल.

म्हापशाच्या दुकानात गेलो. दुकानदार बिचारा गियर, ब्रेक, टायर सगळं समजावत होता. शाणूने सगळं ऐकून घेतलं, सायकलीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "बरी आसा. पण माणूस खंय बसतलो?"

दुकानदार म्हणाला, ही एकट्याचीच असते. शाणूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला फसवून आणला होता.

तरी चक्कर मारून आला. म्हणाला, सीट टोचते. टोचणारच! सीटच्या चोचीवर बसलेला माणूस आणखी काय सांगणार? दुकानदाराने त्याला धरून मागे बसवला. कोपऱ्यापर्यंत बसला, वळला आणि पुन्हा आपल्या जागी. दुसरी सायकल दिली, तिसरी दिली. प्रत्येक सायकल बरी, आणि प्रत्येकीच्या पुढे एक 'पण'. ब्रेक तो इतका हळुवार दाबायचा की मागचा नसलेला माणूस त्याच्या पाठीवर आदळू नये. आणि मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो, तर स्वारी मान वळवून कुणाला तरी काहीतरी सांगत चालली होती.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, शाण्या, घ्यायची की नाही ते एकदा सांग, तुझ्यापायी माझे मासे चुकतात.

त्याने हातातली सायकल हलकेच भिंतीला टेकवली.

"सायकल बरीच आसा, भाऊ. पण आजपर्यंत खंय जावचा ता मागलो सांगी. आता मागे कोणच नाय, तर मी जातलंय खंय?"

त्या दुकानात गियरपासून घंटीपर्यंत सगळ्याची चौकशी झाली होती, पण याला जायचं कुठे आहे हे मी विचारलंच नव्हतं.

सायकल घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर हेल्मेट घालून शाणू आमच्या फाटकाशी हजर. खंय जावचा, म्हणून विचारतो. मी म्हटलं, बेकरीतून चहाला उंडे पाव घेऊन ये. आणले. पुढल्या दिवशी म्हटलं, तुयेला कारखान्याचं फाटक उघडं आहे का बघून ये. बघून आला, उघडं होतं. रोज नवी भाडी शोधता शोधता मी मेटाकुटीला आलो. शेवटी एका सकाळी म्हटलं, बाबा रे, आज तूच सांग, तुला कुठे जावंसं वाटतं?

शाणूने हँडल एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून बघितलं. मग एवढंच म्हणाला, केरी, आणि निघाला. केरीच्या किनाऱ्यावर त्याने किती माणसं नेऊन सोडली असतील! पण परतीचं भाडं चुकायला नको म्हणून गाडी तिथूनच वळवायचा. वाळूत पाय म्हणून कधी ठेवला नव्हता.

दुपार कलली तरी पत्ता नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपलांत वाळू. एवढा वेळ काय करत होतास, मी जरा ओरडूनच विचारलं.

"थंय पोचलंय, सायकल थांबयली," शाणू म्हणाला. "वाट बघितली. कोणच उतारलो नाय. मगे मियाच उतारलंय."