सिद्धतेशिवाय बटण नाही

दाराचा आकडा लिहून ठेवावा लागतो तो गणिती कसला, असं प्रोफेसर बेनेडेक छातीठोकपणे सांगत. हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या आपल्या चिमुकल्या संख्या-सिद्धांत विभागाला त्यांनी बटणांचं कुलूप बसवलं, तेव्हा आकडा कुणाला सांगितलाच नाही. फक्त त्याचे गुण सांगितले: नऊ आकडी मूळ संख्या, उलट्या बाजूनं वाचली तरी तीच, आणि अशांमधली सगळ्यात लहान. आता विसरायची सोयच नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या शनिवारी डीन एमोकेबाई जेवायला येणार होत्या. विभाग ठेवायचा की सांख्यिकीवाल्यांच्या पदरात टाकायचा, हे त्यांच्या हातात होतं. म्हणून बेनेडेकनी स्वतः तिसा नदीतल्या माशाचं लालभडक कालवण शेगडीवर चढवलं. खिडकीतून गाडी दिसताच ते आणि त्यांचे सहकारी, पिरोश्का आणि तिवादार, कोट न घालताच स्वागताला धावले. गाडी भलत्याच कुणाची निघाली आणि मागे दार लागलं. आकडा आता खुद्द बेनेडेकनाही आठवेना.

तीनदा चुकलं की कुलूप सोमवारपर्यंत उघडत नसे. तिवादारनं घाईघाईत टोकांना एक आणि मधे सगळी शून्यं दाबली. या संख्येला सतरानं भाग जातो, हे त्याला नंतर आठवलं. बरोबर मधे एक घातला तर तीननं भाग जातो, म्हणून पिरोश्कानं तिथे दोन घातला. तो निघाला दहा हजार एकचा वर्ग. बेनेडेकना पिरोश्काची मनापासून लाज वाटली.

"मग मधे तीन," ती कुडकुडत म्हणाली. "दाबू?"

"आधी सिद्ध कर. शेवटची संधी आहे."

"सर, कालवण करपतंय. वास येतोय."

"वासावरून मूळ संख्या ठरत नाही, बाई."

खिशात खडू होताच. दहा हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा होता. तिघांनी वाटणी करून भिंत रंगवायला घेतली. एमोकेबाई आल्या तेव्हा तिघांच्याही पाठी त्यांच्याकडे होत्या.

बाई मूळच्या सांख्यिकीतल्या. "मधे तीन असण्याची शक्यता किती?" सगळा प्रकार ऐकून त्यांनी विचारलं.

"बरीच," तिवादार म्हणाला.

बाईंनी बटणं दाबली. दार उघडलं आणि काळा धूर बाहेर आला.

बेनेडेक भिंतीपासून हलले नाहीत, भाग देतच राहिले. कुलपाला पटलं म्हणून गणिताला पटलं असं थोडंच होतं? शिवाय आकडा त्यांनीच बसवलेला. बसवताना आपण चुकलो नसू कशावरून? आत बाईंनी पाव आणि लोणच्यावर जेवण उरकलं. सोमवारपासून तुम्ही सगळे सांख्यिकीत, असं सांगून त्या निघून गेल्या. पिरोश्का पातेलं घासता घासता रडली.

अंधार पडायच्या सुमाराला बेनेडेक उघड्या दारातून आत आले. बोटं निळी पडली होती, चेहरा मात्र उजळला होता.

"कशानंही भाग जात नाही," ते म्हणाले. "पिरोश्का, आता खुशाल दाब."