पिंगीचं दुखणं आणि राजवैद्य गवा

एका जंगलात, बाळांनो, वानरांची एक टोळी होती. टोळी फार सुसंस्कृत होती. म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं. एकत्र खायचं, एकत्र हुपहुप करायची आणि दुपार झाली की एकमेकांच्या उवा काढत बसायचं. उवा काढून देणं हे तिथं प्रेमाचं लक्षण होतं. नको म्हणणं हे माजाचं.

या टोळीत भागी नावाची वानरीण होती. तिची लेक पिंगी. पिंगीच्या केसांत कुणी बोटं घातली की ती किंचाळायची. टोळीची हुपहुप सुरू झाली की कान गच्च दाबून फांदीवर पालथी पडायची. खरबरीत पान जिभेला लागलं की ओकून टाकायची.

"विंचू चावल्यासारखी काय बोंबलते!" थोरली जाऊ तोरणी म्हणाली. "भागे, तू लाडावून ठेवलीस. आम्हाला काय पोरं झाली नाहीत?"

"झाली ना, जाऊबाई. पण हिला खरंच दुखतं हो."

"नुसत्या बोटांनी?"

भागीला स्वतःला कुणी केसांत बोटं फिरवली की छान गुंगी यायची. पण तिनं एक पाहून ठेवलं होतं. अलगद हात लावला की पोर कळवळते. आणि घट्ट, अगदी श्वास कोंडेल इतकं घट्ट कवटाळलं की निवते. हे असं का, ते काही तिला उमगत नव्हतं.

एके दिवशी तोरणी उवा काढायला बसली आणि पिंगी तिच्या हाताला कडकडून चावली. झालं! टोळीचा म्होरक्या हुप्प्या खाली उतरला. हुप्प्या न्यायी होता. कुणाला शिक्षा करण्याआधी तो नेहमी घसा साफ करायचा.

"भागे, पोरीला आजार असेल तर वैद्याचं निदान आण. मग बसू दे तिला वेगळ्या फांदीवर. निदान नसेल तर तिला वळण नाही. आणि वळण लावायला तोरणी आहे."

म्हणजे पोर जाणार. भागीनं पिंगीला पोटाशी घेतलं आणि ती निघाली.

कानांची तज्ज्ञ म्हणून त्या जंगलात धामणबाईंचं नाव होतं. धामणबाईंना स्वतःला कान नव्हते. त्यामुळे कानांच्या बाबतीत त्या अगदी निःपक्षपाती आहेत, असं सगळे मानायचे. त्यांनी पिंगीभोवती एक वेढा घेतला आणि जीभ लवलवली.

"कान उत्तम आहेत. किंबहुना जरा जास्तच उत्तम."

"तोच तर त्रास आहे, बाई."

"कमी ऐकू येणं हा आजार. जास्त ऐकू येणं ही देणगी. देणगीवर औषध नसतं." आणि त्यांनी भागीला राजवैद्यांकडे पाठवलं.

राजवैद्य म्हणजे गवा. कातडीच्या विकारात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या पाठीवर बगळे बसत, गोचिडी पोसल्या जात, वर बाभळीचे काटे मोडत, पण त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं. एवढी निरोगी कातडी दुसऱ्या कुणाची नव्हती, म्हणून ते राजवैद्य.

त्यांची भेट काही सहज मिळत नसे. भागीची पाळी येईपर्यंत पिंगीचे दुधाचे दात पडले. तोवर रोज टोळीत हुपहुप, रोज कान दाबणं, रोज तोरणीचे टोमणे. भागी झोपायची ती पोरीच्या अंगाला आपल्या अंगाचं कुंपण घालून.

शेवटी बोलावणं आलं. राजवैद्यांच्या रानात मऊ गवत होतं. चिटपाखरू बोलत नव्हतं. पिंगी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून आईच्या कडेवरून उतरली आणि एका किड्याच्या मागे हुंदडू लागली.

"हिला काय धाड भरलीय?" राजवैद्यांनी विचारलं.

"महाराज, इथं शांत आहे म्हणून ती बरी आहे."

"आजार असता तर इथंही दिसला असता. मी न दिसलेल्या आजाराचं निदान करत नाही. दाखव मला."

"दाखवू? कसा?"

"ते तू बघ. आजार तुझा आहे."

निदान नाही तर पोर तोरणीकडे जाणार, हे भागीला ठाऊक होतं. तिनं सागाचं एक खरबरीत पान तोडलं. पिंगीला हाक मारली. पोर विश्वासानं धावत आली. भागीनं ते पान तिच्या मानेवरून फिरवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन हूप केलं.

पिंगी लगेच ओरडली नाही. आधी तिनं आईकडे पाहिलं. मग ओरडली. अशी ओरडली की गवतातले किडेसुद्धा जागच्या जागी थिजले, आणि पाय झाडत खाली पडली.

राजवैद्य दोन पावलं मागे सरले.

"शिव शिव! काय ही आई! झालं निदान."

भागीनं पोरीला छातीशी आवळलं होतं. तशीच रडत तिनं विचारलं, "काय झालंय हिला, महाराज?"

"हिला काही नाही. निदान तुझं झालंय. आईच लेकराला छळते."

निदान वाऱ्याच्या आधी टोळीत पोहोचलं. हुप्प्यानं घसा साफ केला. तोरणी पोर घ्यायला म्हणून वाटेवर येऊन बसली. पण भागी त्या वाटेनं आलीच नाही. ती पिंगीला घेऊन उलट्या दिशेला, पार दरीच्या काठाला गेली.

तिथं एक शेवरीचं झाड होतं. बोंडं फुटून कापूस उडत होता. पिंगीनं दोन दिवस आईकडे पाहिलं नाही. मग एका सकाळी तिनं मूठभर कापूस गोळा केला, कानात कोंबला आणि येऊन भागीच्या पाठीला पाठ लावून बसली. भागी हललीसुद्धा नाही. हलली तर पोर उठेल, अशी तिला धास्ती होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी झाडाखाली तोरणी दिसली. तिच्या पोटाशी धाकटं पिल्लू होतं, कान दाबून धरलेलं.

"भागे," ती वर न बघता म्हणाली, "हिच्या डोक्याला हात लावला की..."

भागीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. पण त्या पिल्लाचे मिटलेले डोळे बघून तिनं ते गिळलं.

"घट्ट धरा, जाऊबाई. अलगद नको. आणि वर या."

मग एक पाडस आलं, त्याला ऊन सोसत नव्हतं. एक खार आली. कुणाला वास सहन होत नसे, कुणाला गर्दी. दरीकाठ भरत गेला आणि तरी शांत राहिला.

इकडे राजवैद्यांनी मोठी सभा बोलावली. ढोल वाजले. राजवैद्यांनी जाहीर केलं, "नाजूकपणाचा हा जो आजार म्हणतात, तो आपल्या जंगलात नाही. मी टोळीटोळीतला, कळपाकळपातला एकूण एक जीव तपासला. एकही रुग्ण सापडला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीतून एका सांबरानं विचारलं, "महाराज, दरीकाठी पाहिलंत का?"

"तिथं कशाला पाहू?" राजवैद्य म्हणाले. "तिथं तर सगळे मजेत आहेत!"

तात्पर्य: बाळांनो, आपल्याला दुखत नाही ते कुणालाच दुखत नसतं. तरीही दुखलंच, तर वैद्यांना दिसेल अशा जागी, त्यांना सवड असेल अशा वेळी आणि आई जवळपास नसताना दुखवून घ्यावं.