सर्वांच्या सोयीची तारीख

विभागीय बाजारओटा वाद निवारण कक्षात गेल्या वर्षी जून महिन्यात सामायिक टपाल, दिनदर्शिका व संपर्क प्रणाली कार्यान्वित झाली. कक्ष क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मी तिथे वरिष्ठ लिपिक आहे. आठवडी बाजारात कोणी कोणाच्या ओट्यावर बसायचे यावरून होणारी भांडणे मिटवणे हे आमचे काम. त्यासाठी तीन सदस्यांच्या समितीला एका वेळी एका खोलीत बसावे लागते. कक्ष स्थापन झाल्यापासून सहा वर्षांत समिती तीनदा एकत्र बसली, त्यातले एक बसणे फोटोसाठी होते.

समितीचे अध्यक्ष इंद्रजीत वाघचौरे साहेब, सदस्य मोनिका मॅडम आणि सदस्य-सचिव प्रणय साहेब. तिघांच्या खोल्या एकाच व्हरांड्यात आहेत. तरीही तिघांच्या तारखा जुळत नाहीत, असे आम्ही अर्जदारांना लेखी कळवत असू.

अशा पत्रांपैकी अकरा पत्रे पाचोडच्या आवडाबाईंकडे होती. आवडाबाई सुकी मिरची विकतात. पाचोडच्या बाजारातला त्यांचा ओटा सासूच्या वेळेपासूनचा. दोन वर्षांपूर्वी ठेकेदाराने ओट्यांना रंग दिला आणि क्रमांक दुसऱ्या टोकाकडून टाकत आणले. त्यामुळे आवडाबाईंच्या जागी मोबाइलचे कव्हर विकणारा एक जण कायदेशीररीत्या बसला आणि आवडाबाई तितक्याच कायदेशीररीत्या गटारीच्या कडेला गेल्या. मिरचीला ओल लागते, मग बुरशी येते आणि गिऱ्हाईक पुढे जाते. बाईंचे घर त्या मिरचीवर चालते. प्रकरण वीस मिनिटांचे होते, हे मी शपथेवर सांगू शकतो, पण मला कोणी शपथ दिलेली नाही.

शेवटी वरिष्ठ कार्यालयानेच कळवले की तारखा जुळवण्यासाठी संगणकीय प्रणाली बसवावी, आणि ती मुक्तस्रोत असावी, म्हणजे फुकट. फुकट वस्तू खरेदी करण्याचा अनुभव कक्षाला नव्हता. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. तिन्ही शून्य रुपयांची आली. सर्वांत कमी दर कोणाचा, असा आक्षेप लेखा शाखेने घेतला आणि फाइल चार महिने थांबली. उस्मानपुऱ्यातला गयास आमच्याकडे कंत्राटावर संगणकाचे काम बघतो. तो रोज येऊन विचारायचा.

"साहब, ये तो इंटरनेट पे पड्या है. उतरवून घ्यायचं, बसवायचं. दो घंटे का काम."

"उतरवून घ्यायला मंजुरी लागते," मी म्हणालो.

वाघचौरे साहेबांची शंका वेगळी होती. "गयास, ह्याचा स्रोत खुला आहे म्हणतोस. म्हणजे कुणीही उघडून बघू शकतो?"

"व्हय साहब. कोई भी देखे, सुधारे, बदले. उसीलिये तो भरोसे का है."

"शासकीय कामात इतका भरोसा बरा नव्हे," साहेब म्हणाले. पण चिठ्ठ्या टाकून एक दरपत्रक निवडले गेले आणि गयासने दोन तासांत प्रणाली बसवली.

प्रशिक्षणात त्याने भिंतीवर पडदा लावून दाखवले. प्रत्येकाची दिनदर्शिका सगळ्यांना दिसणार. जिथे काम आहे तो चौकोन निळा, जिथे मोकळीक आहे तो पांढरा. तीन माणसांची नावे द्यायची, तिघांचा सामाईक पांढरा चौकोन प्रणाली स्वतः शोधते आणि अर्जदाराला तारीख पाठवते. मग त्याने नमुन्यादाखल समितीच्या दिनदर्शिका उघडल्या. पडदा चुन्यासारखा पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ कार्यालयानेही पडदा बघितला. दुपारपर्यंत वाघचौरे साहेबांकडे वृक्षगणनेचे, मोनिका मॅडमकडे मतदारयादीचे आणि प्रणय साहेबांकडे भटक्या जनावरांचे अतिरिक्त काम आले. त्या संध्याकाळी तिघेही उशिरापर्यंत कार्यालयात बसले. सहा वर्षांत मी त्यांना इतके कष्ट घेताना पाहिले नव्हते. सकाळी पडदा निळाभोर होता. साहेबांनी "बैठक" लिहिले होते, त्याच्या आधी "बैठकीची पूर्वतयारी" आणि नंतर "बैठकीचा आढावा". मॅडमनी "दौरा" लिहिला होता. प्रणय साहेब तरुण, त्यांना प्रणालीची जाण लवकर आली. एकच नोंद दर आठवड्याला आपोआप पुन्हा पडावी, अशी सोय त्यांनी शोधून काढली. "ही कधी संपवायची?" असे प्रणालीने विचारले तेव्हा त्यांनी आपल्या सेवानिवृत्तीचा दिनांक भरला. मग बाकीच्या दोघांनाही तसेच भरून दिले. मला सांगायला संकोच वाटतो, पण माझेही त्यांनीच भरून दिले.

आता आवडाबाईंचे प्रकरण प्रणालीत टाकण्यात आले. प्रणालीने अर्धा सेकंद शोध घेतला. तिघेही मोकळे असलेला पहिला चौकोन तिला गुरुवार, दिनांक १ जून २०५१ रोजी सकाळी अकरा वाजता सापडला. आदल्या दिवशी प्रणय साहेब सेवानिवृत्त होत होते आणि इतर दोघे त्याआधीच झाले होते, त्यामुळे त्या दिवसापासून तिघेही पूर्ण मोकळे होते. नोटीस आपोआप निघाली. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल, ही ओळही तीत होती.

आवडाबाई नोटीस घेऊन आल्या. गावातल्या कोणाकडून तरी त्यांनी ती वाचून घेतली होती.

"भाऊसाहेब, मी तवा चौऱ्याण्णव वर्सांची असंन. लेकाला धाडलं तर चालंल का?"

"अर्जदाराने स्वतः हजर राहायचं असतं, बाई."

"पण तिन्ही साहेब आत्ता हितंच हायत की. ते काय, च्या पिऊन राह्यले."

मी वळून पाहिले. दार उघडे होते आणि तिघे खरोखर चहा पीत होते. "ते तुम्हाला दिसतात," मी म्हणालो, "पण प्रणालीत ते दौऱ्यावर आहेत."

बाई रागावल्या नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मग मी दौऱ्यावरून यायची वाट बघते." बाजाराचा दिवस सोडून त्या रोज येऊ लागल्या. त्यांच्या लेकाने सामायिक टपालपेटीत तक्रारही पाठवली. पण त्या पेटीत पत्र उघडले की उघडणाऱ्याचे नाव शेजारी उमटते, आणि ज्याचे नाव उमटेल त्याने उत्तर द्यायचे, असा आदेश होता. त्यामुळे पत्र उघडणे सर्वांनी बंद केले. मार्चअखेरीस पेटीत अकराशे चाळीस न उघडलेली पत्रे होती. "वाचूनही प्रलंबित ठेवलेली पत्रे: शून्य" असा अहवाल आम्ही पाठवला आणि कक्षाला प्रशस्तिपत्र मिळाले.

गयासला मात्र बाईंचे बाकावर बसणे सहन होईना. आपल्या तारखेचे काय झाले हे त्यांना मोबाइलवर दिसावे, म्हणून त्याने प्रणालीत त्यांच्या नावाचे खाते उघडून दिले. हेतू चांगला होता. पण खाते उघडले की दिनदर्शिकाही उघडते, आणि आवडाबाईंची दिनदर्शिका बाजाराचा एक दिवस सोडला तर स्वच्छ पांढरी होती. निळे करायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्याच महिन्यात वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक आले. ज्या समित्यांच्या सदस्यांना वेळ नाही, तिथे प्रणालीत सर्वाधिक उपलब्ध दिसणाऱ्या व्यक्तीस एकसदस्यीय अतिरिक्त कार्यभार द्यावा. प्रणालीने यादी काढली. पहिल्या क्रमांकावर आवडाबाई होत्या आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी नव्हते. नियुक्तीचा आदेश मीच टंकलिखित केला. "श्रीमती आवडाबाई, मिरचीविक्रेत्या, यांनी तात्काळ कार्यभार स्वीकारावा." आदेश हातात देताना मला वाटले त्या हसतील.

"काय करायचं असतं ह्येच्यात?" त्यांनी विचारले.

"दोघांचं भांडण ऐकायचं आणि ओटा कोणाचा ते सांगायचं."

"येवढंच? मग बोलवा की."

त्यांनी खोली घेतली नाही, बाकावरच काम सुरू केले. पहिल्या दिवशी एक कांदेवाला आणि एक भांडीवाला आले. चार वर्षांचे प्रकरण होते, फाइल वीतभर जाड. बाईंनी ती बाजूला ठेवून कांदेवाल्याला विचारले, "तुह्या शेजारी कोण बसायचं रं?"

"गोजरबाई बसायच्या, बांगड्यावाल्या."

"अन् तुह्या?" त्यांनी भांडीवाल्याला विचारले.

भांडीवाल्याने बराच विचार केला. "याद नाय," तो म्हणाला.

"शेजारी याद नाय म्हंजी तू तिथं बसलाच नाय. ऊठ." आणि तो उठला. चेहऱ्यावरून त्याला स्वतःलाही सुटल्यासारखे वाटलेले दिसले.

नऊ दिवसांत एकसष्ट प्रकरणे निकाली निघाली. दहाव्या दिवशी वाघचौरे साहेबांनी मला आत बोलावले. मी प्रथमच त्यांना घाबरलेले पाहिले.

"प्रलंबित किती उरली?"

"एक, साहेब. बाईंचं स्वतःचं. स्वतःच्या प्रकरणात त्यांना निर्णय देता येत नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला. प्रलंबित प्रकरण नसलेला कक्ष बंद करावा, असा नियम आहे. म्हणजे साहेबांची खोली, मॅडमची गाडी, प्रणय साहेबांची बढती आणि माझी खुर्ची आता त्या एका ओट्यावर उभी होती. "एक तरी राहिलं, देव पावला," साहेब म्हणाले. "ते नीट जपा." मी ती फाइल कुलपात ठेवली. बाहेर आलो तर बाई बाकावर मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या.

"समद्याचं झालं, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "माझं कवा?"

मला लाज वाटली. ती वेळ मी दिनदर्शिकेत "आढावा" म्हणून नोंदवली.

गयास गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने वरिष्ठ कार्यालयाला थेट लिहिले, आणि तिथे कोणीतरी चुकून पत्र उघडले. नाव उमटल्यामुळे उत्तर देणे भाग पडले. उत्तर असे होते: आवडाबाईंच्या प्रकरणासाठी तीन सदस्यांची स्वतंत्र समिती नेमावी, सदस्य शासकीय सेवक असण्याची आवश्यकता नाही, प्रत्यक्ष मोकळा वेळ असल्याचे दिसून येणारी कोणतीही व्यक्ती चालेल.

पहिले नाव गयासने स्वतःचे दिले. दुसरे खाली झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या जाहेदाबाईंचे. "बीस मिनट के वास्ते दुकान बंद रखी तो क्या बिगडता?" एवढेच त्या म्हणाल्या. तिसऱ्या जागेसाठी दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना माझी दिनदर्शिका दाखवली. ती २०३४ सालापर्यंत निळी आहे. गयासने ती बघितली, मग मला बघितले आणि संगणक बंद करून गेला. मोठ्याने बोलला असता तर बरे झाले असते.

मग तिसरा सदस्य शोधण्याचे काम नियमानुसार माझ्याकडेच आले. जाहीर सूचना लावली, ती कोणी वाचली नाही. ईमेल पाठवले, ते कोणी उघडले नाहीत. ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस शोधायचा तरी कुठे, यावर मी बराच विचार केला आणि मग ही हकिकत कथेच्या स्वरूपात लिहायला घेतली. सूचना वाचायला कोणाला वेळ नसतो, कथेला असतो.

तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, त्याला आठ-दहा मिनिटे लागली असतील. त्या काळात तुम्ही बैठकीत नव्हता आणि दौऱ्यावरही नव्हता. त्याची नोंद घेण्यात आली आहे. सुनावणी उद्या सकाळी अकरा वाजता, क्रांती चौक, दुसरा मजला. वीस मिनिटे लागतील. उद्या का जमणार नाही याचे जे कारण तुम्ही आत्ता मनात जुळवत आहात, ते मला कळवू नका. आवडाबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. ते त्यांना सांगा.