पाहण्यासाठी उत्तम घर

घर घेणे आणि घर पाहणे या दोन स्वतंत्र बाबी असून, पहिलीच्या वाटेला न जाता दुसरी आयुष्यभर करता येते. आमचे साडू ती कित्येक वर्षे निष्ठेने करीत आहेत. दर रविवारी ते, माझी मेहुणी आणि (गाडी माझी असल्यामुळे) मी, तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात घर पाहायला जातो.

साडूंना इतिहास हवा आहे. मात्र तो हवेशीर हवा, त्याच्यासमोर गाडी लावता आली पाहिजे आणि त्यात शक्यतो कुणी राहत नसावे. या कसोटीवर वेशीजवळचा भाग (वर्दळ), सुतारांची गल्ली (तिथे अजून सुतार आहेत) आणि नदीकडचा उतार (नदी दिसते, पण वासासकट) नापास झाले. घड्याळवाल्यांची गल्ली तेवढी पसंतीस उतरली, कारण तिथे एकही घड्याळवाला उरलेला नाही.

या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या दारावर 'घर विकणे आहे' अशी पाटी होती. बाईंनी हसतमुखाने आत घेतले, चहा टाकला आणि रीतसर पाहणी सुरू झाली. साडूंनी भिंतींवर टिचक्या मारल्या. भिंती काय म्हणाल्या कोण जाणे, पण साडूंनी गंभीरपणे मान डोलावली. मेहुणीने बाईंच्या देखतच त्यांची निजायची खोली पाडून तिथे प्रशस्त न्हाणीघर बांधले (तोंडी).

"न्हाणीघराचं म्हणताय, तर आधी आहे त्याचा नळ बघा ना," बाई म्हणाल्या. "घेणाऱ्यानं कसं, सगळं बघून घ्यावं."

नळ गळत होता. साडू इंजिनिअर आहेत. त्यांनी तो दुरुस्त केला. मग खिडकीच्या कड्या पाहिल्या, म्हणजे बसवल्या. माळ्याची मजबुती पाहण्यासाठी दोन ट्रंका वर चढवल्या. कपाट किती खोल आहे हे पाहताना मेहुणीच्या हातून ते आवरून झाले. जिन्याचा कठडा मी आवळला. बाई खुर्चीत बसून गल्लीचा इतिहास सांगत होत्या. निघताना म्हणाल्या, "गच्ची राहिलीच की हो. पुढच्या रविवारी या."

आम्ही गेलो. जातच राहिलो. गल्लीत पाहावे तर दर दुसऱ्या दाराला तशीच पाटी आणि आत कुणीतरी सुशिक्षित जोडपे शिडीवर. या गल्लीत गेल्या कित्येक वर्षांत एकही घर विकले गेलेले नाही आणि एकही नळ गळत नाही. देणाऱ्याला द्यायचे नाही, घेणाऱ्याला घ्यायचे नाही. इतका निर्मळ व्यवहार अन्यत्र आढळत नाही.

त्यात विघ्न आले ते एका नर्सच्या रूपाने. साडू वरच्या खोलीच्या खिडकीला रंग देऊन (कसा दिसतो ते) पाहत असताना ती रात्रपाळी संपवून थेट आली. सोबत म्हातारी आई. घरमालकाने त्यांना महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितली होती. तिने टिचकी मारली नाही, इतिहास विचारला नाही. खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "आई, तुझा पलंग इथे बसेल." मग बाईंकडे वळून, "मला पसंत आहे. कर्ज मंजूर आहे. कागद कधी करायचे?"



"अहो, असं कसं?" साडू म्हणाले. "तुम्ही अजून नीट पाहिलंय कुठे?"

"पाहायचं काय त्यात? राहायचंय."

बाई खाली बसल्या. "मला नाही गं विकायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मी जाऊ कुठे? ही पाटी काढली, तर दारात कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही."

नर्स चिडली नाही. चिडायलाही त्राण लागते. मग म्हणाली, "ही वरची खोली रिकामीच दिसते. ती भाड्यानं द्या. आईची तुम्हाला सोबत होईल, तुमची आईला."

बाईंचा चेहरा उजळला. त्या काही बोलणार, एवढ्यात साडूंनी कुंचला खाली ठेवला. "भाडेकरू ठेवलात, तर मग आम्ही यायचं ते पाहायचं काय?"

बाईंनी अर्धी रंगलेली खिडकी पाहिली. आमच्याकडे पाहिले. नर्सच्या आईकडे पाहायचे टाळले.

"वरची खोली," त्या म्हणाल्या, "यांची बघायची राहिलीय अजून."

मायलेकी जिना उतरून गेल्या. म्हातारीला एकेक पायरी जड जात होती. कठडा मजबूत असल्याचा तिला चांगलाच उपयोग झाला.

"कशी माणसं असतात एकेक!" मेहुणी म्हणाली. "ओळख ना पाळख, सरळ घरच मागायचं!" साडूंनी उरलेली खिडकी रंगवली. बाईंनी पुन्हा चहा टाकला; त्या दिवशी तो फार गोड झाला होता, पण कुणी बोलले नाही.

त्या दोघींना पुढे खोली मिळाली की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही चौकशी केली नाही. हा प्रसंग मी आजवर अनेक सहृदय माणसांना सांगितला. सगळ्यांनी हळहळत ऐकला आणि शेवटी नेमके एकच विचारले, जे तुम्हीही मघापासून विचारू विचारू म्हणत आहात: भाव काय चाललाय तिकडे?