निवळीकरांचा मोर्चा

निवळी गाव धरणाखाली जाऊन तेहेतीस वर्षं झाली, आणि तिथले एकशे चौदा मतदार अजून तिथेच राहतात. बाकीचे वर नव्या गावठाणात आले. हे आले नाहीत. दर निवडणुकीला आमचे चार कर्मचारी यंत्र घेऊन खाली उतरत, शाळेत केंद्र मांडत आणि संध्याकाळी वर येत. मतदान नेहमी शंभर टक्के. तालुक्यात याचं कुणाला विशेष वाटत नसे.

यंदाच्या यादीतून मात्र ही सगळी नावं गेली. कारणाच्या रकान्यात 'स्थलांतरित' असं होतं. नावं कापली होती रेवती उंबरकरांनी. त्या वरच्या गावठाणात अंगणवाडी चालवत आणि मतदारयादीचंही काम बघत. नियमानं घरोघर जायला हवं होतं. त्या काठावर उभ्या राहिल्या, तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून फॉर्म भरले.

मी तेव्हा तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत कारकून होतो. मंगळवारी अकराच्या सुमारास मोर्चा कचेरीवर आला. दोन-दोनच्या ओळी होत्या. कपडे कोरडे होते. ते पुढे सरकले की मागचा डांबरी रस्ता तेवढा ओला होई. घोषणा एकच होती. तोंडं उघडत, मिटत, आणि मग जराशानं आवाज पोचे: "नाव कापायच्या आधी घरी या!"

नायब तहसीलदार इंगवले साहेबांनी शिष्टमंडळाला आत बोलावलं. पुढे अनसाबाई होत्या, रेवतीबाईंच्या आत्या. वय सत्तरच्या आसपास. तेहेतीस वर्षांपूर्वीही तेवढंच होतं.

"नोटीस रीतसर लावली होती," साहेब म्हणाले.

अनसाबाईंचे ओठ हलले. साहेब थांबले. आवाज आला, "कुठं लावलीवती?"

"ग्रामपंचायतीच्या फलकावर."

"वरच्या?"

"वरच्या."

"आमची खाली हाय."

साहेबांनी मला ते लिहून घ्यायला सांगितलं. रेवतीबाईंनाही बोलावलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. लहानपणी आई गेल्यावर त्यांना याच आत्यानं वाढवलं होतं, आणि पाणी चढलं तेव्हा सात वर्षांच्या रेवतीला ट्रकमध्ये बसवून देऊन आत्या घराकडे परत फिरली होती.

"हाक मारली होती मी, आत्या," त्या म्हणाल्या.

"ऐकली की. तिन्ही ऐकल्या. चहा ठेवला हुता." अनसाबाई रेवतीबाईंकडे बघत राहिल्या. "तू वळून गेलीस."

रेवतीबाईंनी पदर तोंडाला लावला. खोलीत गार हवा आली होती आणि टेबलावरचे कागद दमट झाले होते.

मागण्या दोन होत्या. घरी जाऊन, दार वाजवून, माणसाशी बोलल्याशिवाय कुणाचंही नाव कापू नये. आणि यादीचं काम बघणारं माणूस त्याच गावात राहणारं असावं. साहेबांनी दोन्ही वाचल्या, नियमांचं पुस्तक उघडलं आणि दोन्ही मान्य केल्या. एकशे चौदा नावं यादीत परत घेण्याचा आदेश मी तिथेच टंकलिखित केला.

"पण निवळीत राहणारं, हे काम येणारं कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

रेवतीबाईच म्हणाल्या, "माझा जन्म तिथला आहे."

"पत्ता बदलून घ्यावा लागेल."

"घेते."

त्यांनी फॉर्म भरला, सही केली, कोरे फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. मोर्चा आला तसा परत गेला. शेवटच्या ओळीत अनसाबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे रेवतीबाई चालू लागल्या. पाणी गळ्याशी आल्यावर त्या थबकल्या, असं बंदोबस्तावरचा हवालदार सांगतो. आत्यानं हात धरला, मग गेल्या.

चौथ्या दिवशी त्यांचा अहवाल माझ्या टेबलावर होता. कागद कोरडा, अक्षर त्यांचंच. मतदार एकशे पंधरा.

त्याच दुपारी त्यांचे यजमान, दिगंबर उंबरकर, कचेरीत आले. गावठाणात त्यांची पिठाची गिरणी आहे. अंगावर पीठ तसंच होतं.

"बायकोचं नाव तिथून काढा, साहेब. पूर्वीच्या पत्त्यावर आणा."

"त्यांचा अर्ज आहे का?"

"नाही. मी सांगतोय ना."

साहेबांनी आदेशाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "घरी जाऊन त्यांच्याशी बोलल्याशिवाय नाव काढता येत नाही."

दिगंबररावांनी आदेश दोनदा वाचला. "मग कोण जाणार?"

"तिथलं काम त्याच बघतात."

ते बाकावर बसून राहिले. पिठाच्या हातांनी त्यांनी डोळे पुसले. मग वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मला विचारलं, "कचेरी कितीपर्यंत उघडी असते?"

"पावणेसहा," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि ते निघाले.