पेठेकाकांचं कपाट

दर रविवारी सकाळी साडेदहाला पेठेकाका आमच्याकडे त्यांचं कपाट बघायला येतात. कपाट आमच्या बेडरूममध्ये आहे. ते दार उघडतात, लावतात, बिजागरीला तेलाचा थेंब सोडतात आणि विचारतात, "वरच्या कप्प्यात जड काही ठेवत नाही ना?" मी नाही म्हणते. शनिवारी संध्याकाळीच मी नवऱ्याचे डंबेल्स तिथून काढून पलंगाखाली सरकवलेले असतात.

आमच्याकडून ते दुसऱ्या मजल्यावर मिक्सर बघायला जातात आणि तिथून तळमजल्यावर शिलाई मशीन.

हे सगळं शिंगाड्यांमुळे झालं. काका आमच्याच इमारतीत, डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या कार्तिकी एकादशीला त्यांनी स्टेशनबाहेरून ओले शिंगाडे आणले आणि दातांनी सोलून कच्चेच खाल्ले. दोनेक महिन्यांनी ताप यायला लागला, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, शर्ट ढगळ झाले. ठाण्याला स्कॅन केला, तर लिव्हरवर डाग. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरचं कोणी सोबत आहे का?"

काकांनी या प्रश्नाचा एकच अर्थ लावला आणि पुढचे रिपोर्ट यायच्या आत घरातलं सामान वाटून टाकलं. आम्हाला कपाट देताना म्हणाले, "चावी डावीकडे फिरते. बाकी त्याचा काही त्रास नाही."

मग एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट नीट पाहिला आणि विचारलं, "पाण्यात वाढणारं काही कच्चं खाल्लं होतंत का?" लिव्हर फ्लूक निघाला. पानासारखा चपटा किडा. एरवी गुरामेंढ्यांच्या लिव्हरमध्ये राहतो, कच्च्या पाणवनस्पतींवरून कधीतरी माणसाच्या पोटात जातो. औषध मिळवायला आठवडा लागला, घ्यायला एक दिवस. काका बरे झाले.

आनंद कमी, अपमान जास्त. "सत्तर वर्षांत अंडं खाल्लं नाही हो. आणि मला मेंढीचा आजार? तोही उपासाच्या पदार्थातून?"

तेव्हापासून जिन्यात भेटेल त्याला ते अडवतात. "शिंगाडे उकडूनच. खळखळ उकळी हवी. नुसतं गरम पाणी किड्याला आंघोळीसारखं वाटतं." दारावर येणारी कोळीणही सुटली नाही. ती म्हणाली, "काका, माझी मासली कोन कच्ची खातंय? तुमीच कायबाय गवत चावता." काका म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

दिलेली वस्तू मात्र परत मागायची नाही, हे त्यांचं तत्त्व. म्हणून रविवारची फेरी.

मला असं अर्धवट काही आवडत नाही. मी तिन्ही घरांशी बोलून सामान परत करायचं ठरवलं, हमाल सांगितला आणि काकांना कळवायला वर गेले. घरात एक खाट, एक स्टूल आणि गॅसवर छोटा कुकर. बोललं की आवाज घुमत होता.

"काका, तुमचं सगळं सामान उद्या अकराला परत पोचतंय."

काका म्हणाले, "इथे जागा कुठे आहे?"

मी त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"तुम्हाला अडचण होत असेल, तर तसं सांगा," ते म्हणाले.

"कपाटाची? अजिबात नाही."

"कपाटाची नाही. माझी."

मी तिथूनच हमालाला फोन केला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. मग म्हटलं, "या रविवारी आम्ही नाही, कल्याणला लग्न आहे. गुरुवारी या. जेवायलाच या."

"किती वाजता?"

"साडेबाराला."

त्यांनी मान डोलावली. मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून विचारलं, "बाराला आलो तर चालेल?"